अदृश्य सुरीचा नेम कसा तपासतात?

कंपासपेटीतली पट्टी हातात घ्या आणि तिच्यावरच्या दोन शेजारच्या बारीक रेघांकडे पाहा. त्यांच्यामधले अंतर एक मिलिमीटर. वहीत समास आखताना एवढी चूक झाली तर कोणी लक्षही देत नाही. सुताराला ती खटकते, पण रंधा मारून त्याला ती सुधारता येते. आता एक अशी जागा डोळ्यांसमोर आणा जिथे एवढ्या चुकीचीही दुरुस्ती नाही. माणसाच्या कवटीच्या आत दोन सेंटिमीटर व्यासाचे एक अर्बुद आहे. त्याला लागूनच डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता आहे. अर्बुद क्ष-किरणांनी नष्ट करायचे आहे आणि चेता शाबूत ठेवायची आहे. कवटी उघडायची नाही. किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ज्यावर नेम धरायचा तेही दिसत नाही.

हे काम करणारी यंत्रे आज जगभरातल्या अनेक रुग्णालयांत आहेत. त्यांच्या जाहिरातींत 'मिलिमीटरपेक्षाही कमी चूक' असे शब्द हमखास असतात. विज्ञान शिकवणाऱ्याने अशा वेळी एक साधा प्रश्न विचारावा: हे मोजले कसे? या लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घेऊ. त्यात वापरलेले गणित दहावीच्या पुढचे नाही.

सुरीविना शस्त्रक्रिया

स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये या उपचारपद्धतीची कल्पना मांडली आणि तिला 'रेडिओसर्जरी' हे नाव दिले. आपण तिला किरणशस्त्रक्रिया म्हणू. मूळ विचार सोपा आहे. एकच तीव्र किरणशलाका अर्बुदावर सोडली तर वाटेतल्या निरोगी पेशीही मरतील. त्याऐवजी अनेक क्षीण शलाका निरनिराळ्या दिशांनी सोडायच्या आणि त्या सर्व एकाच जागी छेदतील असे पाहायचे. प्रत्येक शलाकेच्या वाटेवर थोडीच मात्रा पडते, छेदनाच्या जागी मात्र सर्वांची बेरीज होते. उन्हात भिंग धरून कागद जाळण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच, की एवढ्या उच्च ऊर्जेचे क्ष-किरण भिंगाने वळवता येत नाहीत, म्हणून शलाकाच अनेक घ्याव्या लागतात.

लेक्सेल यांच्या 'गॅमा नाइफ' या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत कोबाल्टचे १७९ किरणोत्सारी स्रोत शिरस्त्राणासारख्या कवचात बसवलेले होते. रुग्णाच्या कवटीला स्क्रूंनी एक धातूची चौकट घट्ट बसवीत आणि सर्व मोजमापे त्या चौकटीपासून घेत. म्हणजे ही चौकट निर्देशांकपद्धतीतल्या अक्षांचे काम करी. पद्धत अचूक होती, पण ती डोक्यापुरतीच. फुप्फुसाला किंवा यकृताला स्क्रू लावता येत नाहीत.

स्टॅनफर्डचे मेंदूशल्यविशारद जॉन अ‍ॅडलर यांनी १९८० च्या दशकात लेक्सेल यांच्याकडे काही काळ काम केले होते. चौकटच काढून टाकता येईल का, असा विचार त्यांनी केला आणि त्यातून 'सायबरनाइफ' हे यंत्र तयार झाले. त्यावर पहिल्या रुग्णाचा उपचार स्टॅनफर्डमध्ये १९९४ मध्ये झाला. अमेरिकेत या यंत्राला डोके व मानेसाठी १९९९ मध्ये आणि शरीराच्या इतर भागांसाठी २००१ मध्ये मान्यता मिळाली.

यात क्ष-किरण निर्माण करणारा एक छोटा रेखीय त्वरक यंत्रमानवाच्या हातावर बसवलेला असतो. हा हात मोटारींच्या कारखान्यात वापरतात त्याच जातीचा, सहा सांध्यांचा. खोलीतल्या सुमारे शंभर ठरलेल्या जागांवर तो थांबू शकतो आणि प्रत्येक जागेवरून अनेक दिशांना शलाका सोडू शकतो. त्वरकाच्या तोंडाशी निरनिराळ्या व्यासांची भोके असलेले जाड धातूचे ठोकळे बसवता येतात. त्यांना कॉलिमेटर म्हणतात. त्यांच्यामुळे लक्ष्यापाशी शलाकेचा व्यास ५ मि.मी.पासून ६० मि.मी.पर्यंत ठेवता येतो.

एक मिलिमीटरची किंमत

एक मिलिमीटरने एवढे काय बिघडते? आपल्या उदाहरणातल्या अर्बुदाचा व्यास २० मि.मी. आहे. तो गोल मानला तर त्याचे आकारमान सुमारे ४.२ घन सेंटिमीटर येते. नेम एक मिलिमीटरने चुकण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना सर्व बाजूंनी एक मिलिमीटरचा समास सोडावा लागतो, म्हणजे व्यास २२ मि.मी. धरावा लागतो. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, पण आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.१ चा घन १.३३१, म्हणून आकारमान ३३ टक्क्यांनी वाढले. समास दोन मिलिमीटरचा केला तर १.२ चा घन १.७२८, म्हणजे वाढ जवळजवळ ७३ टक्के. हा वाढीव भाग निरोगी मेंदूचा असतो आणि त्यालाही अर्बुदाइतकीच मात्रा मिळते.

समास न सोडता नेम चुकला तर दुहेरी नुकसान होते. अर्बुदाची एक कड उपचाराविना राहते आणि दुसऱ्या बाजूची चेता भाजली जाते. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की मात्रा एक ग्रे. अशा अर्बुदाच्या कडेला एका बैठकीत बारा-तेरा ग्रे मात्रा दिली जाते, आणि दृष्टिचेतेला आठ-दहा ग्रेपेक्षा अधिक मिळू नये याची काळजी घेतात. अर्बुदाच्या कडेबाहेर मात्रा फार वेगाने उतरते; मिलिमीटरमागे दहा टक्क्यांनीही ती घटू शकते. या उतारावरच चेतेची सुरक्षितता अवलंबून असते, आणि उतार जितका तीव्र तितकी नेमाची चूक महाग पडते.

जाता जाता एक गणित. आठ ग्रे मात्रेने पाण्याचे तापमान किती वाढेल? एक किलोग्रॅम पाण्याला एक अंश तापवण्यासाठी सुमारे ४१८६ जूल लागतात. आठ जूलने ते अंशाच्या पाचशेव्या भागाइतकेच वाढेल. म्हणून मघाशी 'भाजली' म्हटले ते उपमेनेच. किरण उष्णतेने मारत नाहीत. ते पेशीतील डी.एन.ए.चे रेणू तोडतात.

न दिसणाऱ्या लक्ष्यावर नेम

मत्स्यवेधाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नेम वरच्या माशावर धरायचा आणि पाहायचे मात्र खालच्या पाण्यातले प्रतिबिंब. हे यंत्रही लक्ष्याकडे थेट पाहू शकत नाही. छताला दोन क्ष-किरण दिवे बसवलेले असतात. त्यांचे किरण जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून एकमेकांना काटकोनात छेदतात. रुग्ण या छेदनाच्या जागी झोपलेला असतो आणि खालच्या दोन पडद्यांवर त्याच्या डोक्याच्या दोन छायाप्रतिमा उमटतात.

एका सपाट छायाचित्रातून दोन निर्देशांक मिळतात, दोन छायाचित्रांतून चार. आपल्याला हवे असतात फक्त तीन: डावे-उजवे, वर-खाली आणि डोके-पाय. कारण डोके-पाय हा निर्देशांक दोन्ही चित्रांत येतो. हा जादा आकडा वाया जात नाही. दोन्ही चित्रांनी तो सारखा सांगितला नाही, तर कुठेतरी गडबड आहे हे ताबडतोब कळते.

उपचाराच्या आधी रुग्णाचा सी.टी. स्कॅन घेतलेला असतो. या स्कॅनवरून संगणक 'रुग्ण अगदी बरोबर जागी असता तर छाया कशी पडली असती' अशी चित्रे तयार करतो. खरी छाया आणि ही काल्पनिक छाया यांची तुलना करून रुग्ण किती सरकला आहे आणि किती वळला आहे हे काढतात. कवटीचे हाड आकार बदलत नाही, म्हणून डोक्यासाठी हाडच खूण म्हणून चालते. मऊ अवयवांत सोन्याचे बारीक तुकडे खुणा म्हणून बसवतात. एका खुणेवरून फक्त सरकणे कळते, वळणे कळत नाही. त्यासाठी एका रेषेत नसलेल्या निदान तीन खुणा लागतात. तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते, हे भूमितीत शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

चुकांची साखळी

या वर्णनावरून लक्षात येईल की नेमाची चूक एका ठिकाणी जन्मत नाही. स्कॅनच्या चकत्यांना जाडी असते. प्रतिमा जुळवण्यात चूक असते. यंत्राचा हात ठरल्या जागी नेमका थांबेलच असे नाही, आणि हातावरच्या त्वरकातून निघणारी शलाका त्याच्या अक्षाशी अगदी जुळलेली असेलच असेही नाही.

इथे दोन प्रकारच्या चुकांत भेद करायला हवा. नेमबाजाच्या सर्व गोळ्या मध्यबिंदूपासून दूर, पण एकाच ठिकाणी घोळक्याने लागल्या, तर त्याचा हात स्थिर आहे पण बंदुकीची माशी वाकडी आहे. ही नियमित चूक. दुसऱ्याच्या गोळ्या मध्यबिंदूभोवती चहूकडे विखुरल्या, तर माशी ठीक आहे पण हात थरथरतो. ही यादृच्छिक चूक. यंत्रमानवाचा हात सहसा पहिल्या नेमबाजासारखा असतो. एकाच जागी तो पुनःपुन्हा गेला तर त्यात एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच फरक पडतो. पण म्हणून ती जागा बरोबर आहे असे होत नाही. विक्रेत्याने 'आमचा हात ०.१ मि.मी. अचूक आहे' असे सांगितले, तर तो बहुधा एकसारखेपणाबद्दल बोलत असतो, अचूकतेबद्दल नव्हे.

एकमेकींशी संबंध नसलेल्या यादृच्छिक चुकांची साधी बेरीज करत नाहीत, कारण सगळ्या एकाच वेळी एकाच दिशेला होण्याचा संभव कमी असतो. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. समजा, साखळीतल्या चार कड्यांच्या चुका ०.५, ०.४, ०.३ आणि ०.२ मि.मी. आहेत. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) साधी बेरीज १.४ येते. वर्गांची बेरीज ०.२५ + ०.१६ + ०.०९ + ०.०४ = ०.५४ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ०.७३. यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. सर्वांत लहान, ०.२ ची चूक पूर्णपणे नाहीशी केली तरी एकूण चूक ०.७१ राहते. सर्वांत मोठी, ०.५ ची चूक निम्मी केली तर ती ०.६ पर्यंत खाली येते. म्हणजे आधी सर्वांत कमजोर कडी शोधायला हवी.

तीन चाचण्या

पहिली चाचणी हाताची. खोलीत ठरलेल्या बिंदूवर एका दांड्याच्या टोकाला प्रकाश ओळखणारा लहान स्फटिक बसवतात. त्वरकात एक लेसर असतो. हात प्रत्येक जागेवरून लेसरचा ठिपका या स्फटिकावर रोखतो आणि किंचित इकडेतिकडे हलवून सर्वाधिक प्रकाश कुठे मिळतो ते शोधतो. ठरलेली दिशा आणि सापडलेली दिशा यांतला फरक ही त्या जागेवरची चूक. ती संगणकात नोंदवून दुरुस्त करतात. वाकडी माशी सरळ करण्याचाच हा प्रकार आहे. पण रुग्णावर लेसर नव्हे, क्ष-किरण पडणार आहेत. दोन्हींचा अक्ष एकच आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

दुसरी चाचणी लपवलेल्या गोलाची. तिची कल्पना बॉस्टनमधील लुट्झ, विन्स्टन आणि मालेकी यांच्या १९८८ च्या कामातून आली. एका ठोकळ्यात धातूचा लहान गोल बसवतात आणि त्याच्यामागे फिल्म ठेवतात. गोलापेक्षा थोड्या मोठ्या व्यासाची शलाका त्याच्यावर सोडली की फिल्मवर काळसर वर्तुळ उमटते आणि त्याच्या आत गोलाची फिकट छाया. नेम बरोबर असेल तर दोन्ही वर्तुळे एककेंद्री येतात. छायेभोवतीचे कडे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आले, तर नेम सरकला आहे. सायबरनाइफवर ही चाचणी दररोज उपचार सुरू होण्यापूर्वी करतात, एक शलाका वरून आणि एक बाजूने. यंत्र बसवताना मिळालेल्या मूळ मापापासून एक मिलिमीटरहून अधिक फरक पडता कामा नये.

पुष्कळांना इथे शंका येते. शलाकेची कड तर धूसर असते, मग तिच्यावरून मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे माप कसे घेणार? उत्तर असे, की आपल्याला कड नको आहे, केंद्र हवे आहे. डावी आणि उजवी कड सारखीच धूसर असते. दोन्हींचा मध्य काढताना हा धूसरपणा दोन्ही बाजूंनी समतोल होऊन जातो.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची. तिचे नाव 'एंड टू एंड', म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंतची चाचणी. हिच्यात साखळीच्या कड्या सुट्या तपासत नाहीत. माणसाच्या डोक्यासारखा, आत हाडासारखा पदार्थ असलेला एक पुतळा घेतात. त्याला फँटम म्हणतात. त्याच्या पोटात एक घन असतो आणि घनात सुमारे तीन सेंटिमीटरचा एक गोल. या घनात दोन फिल्म एकमेकींना काटकोनात सरकवलेल्या असतात. मग हा पुतळाच रुग्ण आहे असे समजून सर्व काही करायचे: सी.टी. स्कॅन, गोलाची सीमा आखणे, संगणकावर योजना, टेबलावर झोपवणे, छायाप्रतिमा आणि प्रत्यक्ष किरण. शेवटी फिल्म बाहेर काढून किरणांचा ठसा गोलाच्या केंद्रापासून किती सरकला ते मोजायचे.

ही फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागत नाही. तिच्यात एक सेंद्रिय पदार्थ असतो. किरण पडले की त्याचे सुटे रेणू साखळ्यांत जोडले जातात आणि फिल्म निळी होते. मात्रा जितकी अधिक तितका निळा रंग गडद. कार्यालयात कागदपत्रांसाठी वापरतात त्या प्रकारच्या स्कॅनरने ती वाचता येते. इंचाला ३०० ठिपक्यांनी वाचली तर दोन ठिपक्यांत ०.०८५ मि.मी. अंतर येते.

समजा, ठसा डावीकडे ०.३, वर ०.४ आणि पायांकडे ०.५ मि.मी. सरकलेला आढळला. एकूण चूक पायथागोरसच्या प्रमेयाने काढायची: ०.०९ + ०.१६ + ०.२५ = ०.५०, वर्गमूळ सुमारे ०.७१ मि.मी. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये या यंत्रांच्या तपासणीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्थिर लक्ष्यासाठी ही मर्यादा ०.९५ मि.मी. दिली आहे, म्हणजे आपला पुतळा उत्तीर्ण झाला. त्याआधी स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, १.२५ मि.मी. जाडीच्या चकत्यांचा स्कॅन वापरला असता, चूक सरासरी १.१ मि.मी. आणि तिच्यातील कमीअधिकपणा ०.३ मि.मी. आला होता. चकती जितकी पातळ तितकी चूक कमी, हेही अशा मोजण्यांतून दिसून आले आहे.

उलटी फिल्म

काही वर्षांपूर्वी फिल्म वाचण्याच्या पद्धतीवर काम करताना मी एका रुग्णालयात अशा चाचणीला हजर होतो. पुतळ्यात फिल्म मीच सरकवली. मोजणी झाली. ठसा ०.६ मि.मी. डावीकडे सरकलेला आला. मर्यादेच्या आतच होता, तरी आमच्यातल्या एकाने सुचवले की एवीतेवी चूक कळलीच आहे, तर यंत्राला ०.६ ने उजवीकडे सरकवून ती शून्य करून टाकू. मलाही ते पटले. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ बाई मात्र तयार होईनात. "आधी पुन्हा एकदा करा," त्या म्हणाल्या, "आणि या वेळी फिल्मच्या कोपऱ्याला टाचणीने भोक पाडा."

दुसऱ्या वेळी ठसा ०.६ मि.मी. उजवीकडे निघाला. पहिल्या खेपेला मी फिल्म उलटी घातली होती. चौकोनी, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी फिल्म. तिचा डावा-उजवा कोण सांगणार? आम्ही घाईने दुरुस्ती केली असती, तर उजवीकडची ०.६ ची चूक १.२ झाली असती. चाचणी उत्तम होती, यंत्र चांगले होते, आकडाही बरोबर होता. चुकले होते ते फक्त चिन्ह, आणि तेही माझ्या हातून. माप घेताना आकड्याइतकीच दिशाही महत्त्वाची असते, हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी ते मला टाचणीच्या एका भोकाने शिकवले.

हलते लक्ष्य

डोके स्थिर ठेवता येते, फुप्फुस नाही. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खालच्या भागातले अर्बुद एक ते दोन सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. सायबरनाइफमध्ये रुग्णाच्या छातीवर लहान दिवे लावून कॅमेरे त्यांची हालचाल सतत टिपतात. आतल्या खुणांची क्ष-किरण चित्रे मात्र अधूनमधूनच घेतात, नाहीतर चित्रांचीच मात्रा वाढेल. बाहेरच्या दिव्यांची जागा आणि आतल्या अर्बुदाची जागा यांचा संबंध संगणक मांडतो आणि त्यावरून हात अर्बुदाबरोबर हलवतो.

इथे नवी अडचण येते. जागा कळल्यापासून हात प्रत्यक्ष हलेपर्यंत काही वेळ जातो, सुमारे ११५ मिलिसेकंद. अर्बुद सेकंदाला २० मि.मी. वेगाने जात असेल, तर तेवढ्या वेळात ते २.३ मि.मी. पुढे सरकते. म्हणून 'अर्बुद आता कुठे आहे' यापेक्षा 'थोड्या वेळाने कुठे असेल' याचा अंदाज बांधावा लागतो. धावत्या खेळाडूकडे चेंडू टाकताना आपण हेच करतो. याची चाचणी घेण्यासाठी पुतळ्याला मोटर बसवून श्वासासारखा हलवतात. अशा चाचणीची मर्यादा १.५ मि.मी. इतकी सैल ठेवली आहे, आणि ते प्रामाणिकपणाचेच आहे. ठोकताळे एका लयीत चालणाऱ्या मोटरला लागू पडतात. माणूस मध्येच खोकतो किंवा उसासा टाकतो.

मोजणारे साधन योग्य आहे का?

नेम अचूक असूनही अपघात होऊ शकतो, हेही सांगायला हवे. फ्रान्समधील तुलूझ येथील एका रुग्णालयात एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ या काळात किरणशस्त्रक्रियेच्या एका यंत्रावर १४५ रुग्णांना ठरल्यापेक्षा अधिक मात्रा दिली गेली. हे यंत्र यंत्रमानवाच्या हाताचे नव्हते, पण धडा सर्वांना सारखाच लागू आहे. बारीक शलाकेची तीव्रता मोजण्यासाठी वापरलेले उपकरण त्या शलाकेच्या मानाने फार मोठे होते. बारीक धारेखाली मोठी परात धरून पाऊस मोजण्यासारखे ते झाले. परातीच्या सर्व क्षेत्रफळावर सरासरी काढली की पाऊस कमीच भरतो. शलाका प्रत्यक्षाहून क्षीण आहे असे उपकरणाने सांगितले, आणि ती कमतरता भरून काढण्यासाठी यंत्राने जादा किरण दिले. वर्षभर कोणाला कळले नाही, कारण चूक नियमित होती. रोजचे आकडे एकमेकांशी छान जुळत होते.

भारतात किरणोपचाराच्या यंत्रांना मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देते, आणि ती चालवताना प्रशिक्षित वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावा लागतो. किरण सोडणारा आणि माप घेणारा यांनी एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हाच या व्यवस्थेचा अर्थ.

वर्गात करून पाहा

*छायेचा प्रयोग.* पुठ्ठ्याला चार सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडा. त्याच्यामागे काही अंतरावर विजेरी ठेवा. भोकाच्या पुढे सुईवर टोचलेला मोठा मणी धरा आणि पलीकडे आलेखकागद लावा. प्रकाशाच्या वर्तुळात मण्याची छाया दिसेल. डावीकडचे प्रकाशाचे कडे ६ मि.मी. आणि उजवीकडचे ४ मि.मी. भरले, तर छाया किती सरकली? फरकाच्या निम्मी, म्हणजे १ मि.मी. उजवीकडे. मग विचारा: निम्मी का?

*टोकापासून टोकापर्यंतचा प्रयोग.* सारख्या आकाराचे दोन कागद घ्या. पहिल्यावर कुठेही ठिपका काढा. एका विद्यार्थ्याने त्याचे डाव्या आणि खालच्या कडेपासूनचे अंतर मोजून आकडे लिहावेत. दुसऱ्याने केवळ ते आकडे पाहून, वेगळ्या पट्टीने, दुसऱ्या कागदावर खूण करावी. तिसऱ्याने खुणेवर सुईने टोचावे. मग दोन्ही कागद कडा जुळवून खिडकीच्या काचेवर धरावेत आणि ठिपका व भोक यांमधले अंतर मोजावे. असे दहा वेळा करा. दहाही वेळचे सरासरी सरकणे ही नियमित चूक, त्याभोवतीचा विखुर ही यादृच्छिक चूक.

आता पहिल्या विद्यार्थ्याला मुद्दाम टोक झिजलेली लाकडी पट्टी द्या. तिचे सुरुवातीचे दोन मिलिमीटर गेले असतील तर ५० मि.मी. अंतर तो ५२ लिहील. दुसऱ्याची पट्टी चांगली असेल तर प्रत्येक ठिपका दोन्ही दिशांना दोन-दोन मिलिमीटरने चुकेल. झिजलेल्या पट्टीने कितीही वेळा मोजले तरी ही चूक दिसणार नाही. दोन कागद एकमेकांवर ठेवले की लगेच दिसेल. मग दोघांनाही तीच झिजलेली पट्टी द्या. ठिपके अगदी बरोबर जुळतील, पण वहीत लिहिलेला प्रत्येक आकडा खोटा असेल! यातून विद्यार्थी काय निष्कर्ष काढतात ते शांतपणे ऐकावे. चर्चेला एक तास पुरणार नाही.

पुतळा काय सांगत नाही

शेवटी एका गोष्टीची आठवण ठेवू. ०.७ मि.मी. हा आकडा पुतळ्यावर मिळालेला आहे. पुतळ्याच्या पोटातल्या गोलाची सीमा स्पष्ट असते. अर्बुदाची तशी नसते, आणि ती पडद्यावर आखणाऱ्या दोन अनुभवी डॉक्टरांच्या रेघांतही एक-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. पुतळा दोन चित्रांच्या मधल्या वेळात मान हलवत नाही. त्याला भीतीही वाटत नाही. म्हणून 'यंत्राची चूक ०.७' आणि 'उपचाराची चूक ०.७' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मोजलेले आहे. दुसरे कोणी सांगितले, तर ते कशावर मोजले, कोणत्या साधनाने आणि किती वेळा, हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे, आणि तसे विचारायची सवय लागते ती शाळेत.